शुक्रवारी फ्रिंजेस पुसट होतात: कॉन्ट्रास्ट पडण्याचं एक चिवट कारण आणि ते शोधायची पद्धत

लक्षण आधी सांगते. ऑप्टिकल टेबलावर दोन बीमचा इन्फ्रारेड इंटरफेरोमीटर मांडलेला आहे, म्हणजे एकाच प्रकाशाचे दोन बीम एकमेकांवर पाडून उजेड-अंधाराचे पट्टे (फ्रिंजेस) पाहायचं यंत्र. एरवी फ्रिंजेसचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पट्ट्यांचा ठळकपणा (जास्तीत जास्त १), ०.८५ च्या आसपास मिळतो. मग एखाद्या दिवशी, कुणी कशालाही हात लावलेला नसताना, तो ०.३५ वर येतो, दोन-अडीच तास तिथेच बसतो आणि जेवणाच्या सुट्टीनंतर आपसूक वर येतो. अलाइनमेंट जागच्या जागी, दोन्ही बीमची पॉवर तीच, खोलीच्या तापमानाचा आलेख सरळ. लॉगबुकात मागे जाऊन पाहिलं तर असे नऊ दिवस सापडले. नऊच्या नऊ शुक्रवार. पण प्रत्येक शुक्रवारी हे होत नव्हतं, आणि तिथेच आमचे अडीच महिने गेले.

तुमच्याकडे वार वेगळा असेल, कारणही वेगळं असेल. शोधायचा क्रम मात्र तोच ठेवा. आम्ही तो उलटा केला.

टेबलावर नेमकं काय आहे ते थोडक्यात. हॅलोजनच्या दिव्याचा प्रकाश सिंगल-मोड फायबरमधून घेऊन खोटा तारा केलाय. त्याचे दोन बीम होतात, जणू दोन दुर्बिणींतून आलेले. एक सरळ जातो, दुसरा डिले लाइनच्या (वाटेची लांबी बदलणाऱ्या सरकत्या) आरशावरून परततो, दोघं बीमस्प्लिटरवर भेटतात आणि थंड केलेल्या इंडियम गॅलियम आर्सेनाइड कॅमेऱ्यावर पडतात. एच बँड, म्हणजे १.६५ मायक्रॉनच्या आजूबाजूचा पट्टा. दिवा किती मंद करत नेला तरी फ्रिंज-ट्रॅकर, म्हणजे फ्रिंजेस जागेवर धरून ठेवणारी यंत्रणा, पकड सोडत नाही, हे मोजायचं काम आहे. कॉन्ट्रास्ट मोजताना ट्रॅकर बंद असतो: डिले लाइन पायरी-पायरीने सरकते, दर पायरीला २०० मिलिसेकंदांचं एक्स्पोजर.

पुण्यात इंटरफेरोमेट्री म्हटलं की लोक नारायणगावच्या रस्त्याकडे बोट दाखवतात. खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० डिश आहेत, लांबलांब पसरलेल्या, आणि त्या छान चालतात. मग टेबलावरच्या दीड मीटरचं तुम्हाला एवढं काय अवघड, असं मला घरच्या समारंभातही ऐकावं लागतं. रेडिओत प्रत्येक डिशवर लहर जशीच्या तशी नोंदवून, वाढवून, नंतर यंत्रात जुळवता येते. आमच्या पट्ट्यात तशी चैन नाही. दोन्हीकडचा प्रकाश आरशांवरून खरोखर चालवत आणून एका ठिकाणी भेटवावा लागतो, आणि वाटेत जे हलेल ते सगळं त्या भेटीत उतरतं. शिवाय २१ सेंटिमीटरच्या रेडिओलहरीपेक्षा आमची लहर जवळजवळ सव्वा लाख पटीने लहान आहे. आरसा पाव मायक्रॉन हलला की आमच्याकडे अर्धा-पाऊण तास वाद होतो.

कॉन्ट्रास्ट गेला तर गेला, फ्रिंजेस दिसतायत ना, असं म्हणून चालत नाही. ट्रॅकरची पकड साधारणपणे प्रकाश गुणिले कॉन्ट्रास्टचा वर्ग या हिशेबाने चालते. ०.८५ चे ०.३५ झाले म्हणजे त्या गुणाकारात सुमारे सहा पटींची घट, ताऱ्यांच्या तेजाच्या मापात जवळजवळ दोन मॅग्निट्यूड. तेवढं परत कमवायचं तर दुर्बिणीच्या आरशाचा व्यास अडीचपट करावा लागेल. दुसरं म्हणजे कॉन्ट्रास्ट हेच मुळात माप आहे. मायकल्सन आणि पीझ यांनी डिसेंबर १९२० मध्ये माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीवर २० फुटी तुळई बसवून काक्षी ताऱ्याचा व्यास मोजला, तो फ्रिंजेस कुठे नाहीशा होतात ते पाहूनच. इतर ताऱ्यांवर फ्रिंजेस दिसतायत ना, हे त्यांनी पाहून घेतलं होतं, नाहीतर दोष यंत्राचा की तारा मोठा हे कळलं नसतं. कंपनाने खाल्लेला कॉन्ट्रास्ट आकड्यात हुबेहूब मोठ्या ताऱ्यासारखा दिसतो.

आधी एक्स्पोजर कमी करा

सगळ्यात पहिली चाचणी हीच, आणि आम्ही ती सातव्या क्रमांकावर केली. दिव्याऐवजी १५५० नॅनोमीटरचा लेझर लावा म्हणजे प्रकाशाची ददात नाही. एक्स्पोजर २०० मिलिसेकंदांवरून २ वर आणा. कॉन्ट्रास्ट परत आला, तर काहीतरी हलतंय आणि लांब एक्स्पोजरमध्ये ते पुसलं जातंय. परत आला नाही, तर हलण्याचा विचार तूर्त सोडा.

तो परत आला नाही असं धरून पुढच्या शक्यता भरभर सांगते. दोन बीमची पॉवर असमान असणं ही लोकांची आवडती शंका, पण तिचा फटका वाटतो त्यापेक्षा फार कमी असतो: दुप्पट फरकाला कॉन्ट्रास्ट ०.९४, चौपट फरकालाही ०.८. तिच्यापायी दिवस घालवू नका. कॅमेऱ्यापुढे पोलरायझर धरून फिरवल्यावर कॉन्ट्रास्ट सुधारला तर फायबरमध्ये पोलरायझेशन (प्रकाशलहर डोलण्याची दिशा) बिघडलंय. बहुधा कुणीतरी फायबर चिकटपट्टीने टेबलाला दाबून लावलेला सापडेल. लेझरवर झकास आणि हॅलोजनवर पडेल असेल, तर दोन वाटांमधला काचेचा किंवा फायबरचा हिशेब चुकलाय, नाहीतर दोन्ही वाटांची लांबी सारखी असते त्या, शून्य फरकाच्या जागेवरून तुम्ही सरकलाय. एच बँडच्या पूर्ण रुंदीला फ्रिंजेसचा पुंजका जेमतेम ९ मायक्रॉन लांब असतो. सिलिका फायबरची प्रकाशवाट दर मीटरला, दर अंशाला सुमारे १० मायक्रॉन बदलते. म्हणजे एका वाटेतला दोन मीटर फायबर एसीच्या झोतात अर्ध्या अंशाने गार झाला की पुंजका नजरेआड.

आमच्याकडे २ मिलिसेकंदांना कॉन्ट्रास्ट झटक्यात परत आला. म्हणजे कंपन. इथपर्यंत सरळ होतं.

आम्ही कुठे चुकलो

कंपनाचा वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेचं हलणं किती त्याचा आलेख, काढायला लेझरच्या एका फ्रिंजच्या उतारावर साधारण मधोमध थांबलो आणि फोटोडायोडचा सिग्नल नोंदवला. सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून पाव सेकंदाची नोंद ठरवलेली होती, ती तशीच ठेवली. वर्णपटात ५० हर्ट्झच्या जागी एक जाडजूड सुळका आणि १०० च्या जवळ त्याहून बुटका. विजेशी खेळलेल्या माणसाला हे दोन आकडे दिसले की पुढे विचारच सुचत नाही. मेन्सचा हम (विजेच्या लाइनची ५० हर्ट्झची गुणगुण) आणि रेक्टिफायरची लहर! खात्रीसाठी फोटोडायोडवर काळी टोपी घालून पाहिलं, तर प्रकाश अडवूनही ५० चा सुळका होताच. झालं, निकाल लागला. अर्थिंग खराब.

पुढचे सहा आठवडे आम्ही अर्थिंगशी झुंजलो. शील्डेड केबल बदलल्या, प्रीॲम्प्लिफायर बॅटरीवर चालवला, सगळी उपकरणं एकाच सॉकेटपट्टीवर आणली, इलेक्ट्रिशियनला दोनदा बोलावून त्याची बोलणी खाल्ली. दर सुधारणेनंतर काही दिवस सगळं छान चालायचं आणि आम्ही एकमेकांना चहा पाजायचो. मग एक शुक्रवार यायचा.

एका विद्यार्थ्याने टोपी घातलेल्या आणि न घातलेल्या वर्णपटांतल्या सुळक्यांची उंची एकाच आलेखावर काढली. टोपीखालचा सुळका दुसऱ्याच्या विसावा भागही नव्हता. अर्थिंगचा दोष खरा होता, फक्त तो आमचा दोष नव्हता. चोर सापडला म्हणून आम्ही खूश, पण घरफोडी दुसऱ्यानेच केलेली.

मग नोंद पाव सेकंदाऐवजी दहा सेकंदांची घेतली. वर्णपटाची बारकाई नोंदीच्या लांबीवर ठरते: पाव सेकंदात ४ हर्ट्झपेक्षा जवळचे दोन सुळके वेगळे दिसूच शकत नाहीत, दहा सेकंदांत ०.१ हर्ट्झपर्यंत दिसतात. त्या जाड सुळक्याचे दोन झाले. ५०.० वर एक काटकुळी रेघ, आणि तिच्या डावीकडे, ४८.३ वर, खरा दांडगा. १०० जवळचा सुळकाही १०० वर नव्हता, ९६.६ वर होता, बरोबर ४८.३ ची दुप्पट. हलणं मोठं असलं की फ्रिंजच्या वळणामुळे अशी दुप्पट-तिप्पट निघते. रेक्टिफायरचा त्यात काही संबंध नव्हता.

४८.३ गुणिले ६० म्हणजे मिनिटाला २८९८ फेरे. हा आकडा ज्याने कधी पंपाच्या मोटरवरची पट्टी वाचलीय त्याच्या डोक्यात लगेच पेटतो. दोन पोलची इंडक्शन मोटर ५० हर्ट्झवर ३००० फेऱ्यांच्या मागे धावते पण लोड आल्यावर थोडी मागे पडते, आणि पट्टीवर २८८० किंवा २९०० छापलेलं असतं. म्हणून हे लक्षात ठेवा: बरोबर ५० असेल तर वीज, ४८ ते ४९ च्या मध्ये असेल तर मोटर. चार पोलची असेल तर २४ च्या आसपास पाहा.

आता आमच्या खोलीत एकही मोटर नाही. व्हॅक्यूम पंप शेजारच्या खोलीत, तो त्या दिवशी बंद. एसीचं बाहेरचं युनिट बंद करून पाहिलं, ४८.३ जागचा हलेना. मग बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी गेले आणि बझरमध्ये असतात तशा, हललं की व्होल्टेज देणाऱ्या पितळी पायझो चकत्या आणल्या, किरकोळ पैशांत मूठभर. एकेक चकती दुहेरी टेपने भिंतीला, फरशीला, टेबलाच्या पायाला, टेबलाच्या पृष्ठभागाला लावली आणि ऑसिलोस्कोपला जोडली. चार हजारांच्या सेन्सरइतकी नेमकी नाही, पण कुठे जास्त आणि कुठे कमी एवढं सांगायला पुरते. पुढच्या शुक्रवारी उत्तरेच्या भिंतीवरची चकती नाचत होती. त्या भिंतीच्या पलीकडून लोखंडी पाइप गच्चीवरच्या टाकीकडे जातो.

खाली पंपाचे मामा खुर्ची टाकून बसले होते.

"मामा, हा पंप रोज कधी लावता?"

"रोज सहाला. साडेसातला टाकी भरते, बंद."

"मग आज साडेदहाला चालू कसा?"

"मॅडम, आज शुक्रवार ना. काल पाणी बंद होतं. वरची टाकी कोरडी, आणि आज पाणी उशिराच आलं. आता बारा-साडेबारापर्यंत चालंल."

दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणी येईल, ही बातमी पुण्यात राहणाऱ्या कुणाला नवी आहे? मी स्वतः आदल्या रात्री घरी बादल्या भरून ठेवल्या होत्या. एरवी आम्ही लॅबमध्ये येईपर्यंत पंप बंद झालेला असायचा, म्हणून इतर दिवस स्वच्छ. आणि दर गुरुवारी पाणी बंद नसतं, म्हणून प्रत्येक शुक्रवार वाईट नसायचा. नऊ तारखा जुन्या वर्तमानपत्रांशी ताडून पाहिल्या, जुळल्या.

पण टेबल तर हवेवर तरंगतं

खरा प्रश्न इथे होता. ऑप्टिकल टेबलाचे पाय हवेच्या दाबावर असतात, त्यांची स्वतःची वारंवारता १-२ हर्ट्झ. ४८ हर्ट्झचं कंपन त्यांनी फरशीवरच अडवायला हवं. पायांत हवा आहे का ते पाहायची सोपी युक्ती: टेबलाचा कोपरा तळव्याने खाली दाबा आणि सोडा. तरंगत असेल तर सावकाश, म्हशीसारखं उठतं. टेकलेलं असेल तर दगड. आमचं नीट उठत होतं. पायाला लावलेली चकती शांत होती. टेबलाच्या पृष्ठभागावरची नव्हती.

म्हणजे कंपन पायांतून येत नव्हतं. मग एकच वाट उरते, टेबलाला वरून जे जे जोडलेलं आहे ते. कॅमेऱ्याची गरम बाजू पाण्याने गार होते. त्याच्या दोन जाड, जाळीदार पीव्हीसी नळ्या, कॅमेऱ्याची केबल आणि पायझोच्या केबल असा मनगटाएवढा जुडगा भिंतीवरच्या रॅकवरून टेबलावर येत होता. कुणीतरी, लिहायला लाज वाटते पण मीच, तो नीटनेटका दिसावा म्हणून चार केबल टायनी करकचून आवळला होता. एक टाय रॅकच्या पट्टीला, पुढचा वीतभर अंतरावर टेबलाच्या कडेला. मधे जेमतेम दोन बोटं ढील. तेवढ्या आखूड, घट्ट जुडग्याने भिंत आणि टेबल एकमेकांना काठीने जोडल्यासारखं झालं होतं.

पंप चालू, लेझर चालू, पडद्यावर वर्णपट. टेबलाकडचा टाय कात्रीने कापला. ४८.३ चा सुळका निम्म्यावर. रॅककडचा कापला आणि जुडगा हाताने वर उचलून धरला, सुळका तळाच्या नॉइजच्या गवतात हरवला. हात सोडल्यावर जुडगा कडेवर पडला, सुळका परत उभा. तिघांनी आळीपाळीने उचलून पाहिलं. मजा म्हणून नव्हे, पुढच्या वेळी कुणाला तरी आठवावं म्हणून. (मजा म्हणूनही.)

हिशेबही जुळला. साइनसारख्या हलण्यात, लांब एक्स्पोजरला, वाटेतल्या फरकाचा आयाम सुमारे ४४० नॅनोमीटर असेल तर कॉन्ट्रास्ट ०.४ पटीवर येतो; म्हणजे डिले लाइनचा आरसा मागेपुढे २२० नॅनोमीटर हलत होता. तो ३१५ च्या जवळ गेला असता तर १.६५ मायक्रॉनला फ्रिंजेस पूर्णच नाहीशा झाल्या असत्या, आणि मग आम्ही बहुतेक दिवा बदलला असता.

काय केलं

जुडगा सोडवला. नळ्या बदलून मऊ सिलिकॉनच्या घेतल्या. सगळं आधी फरशीवरच्या शिशाच्या ठोकळ्यावर आवळलं, ठोकळ्याखाली रबर, आणि तिथून टेबलापर्यंत प्रत्येक केबलला वेगळा, झोळीसारखा सैल वळसा. एकत्र बांधायचं नाही, कितीही गबाळं दिसलं तरी. भिंतीच्या पाइपाच्या क्लॅम्पमध्ये रबराची पट्टी घातली. पंपाच्या तोंडाशी रबरी बेलो (लवचीक जोड) बसवायचा अर्ज केलाय. तो अर्ज ऑफिसातल्या कुठल्या टेबलावर आहे ते पंपापेक्षा शोधायला अवघड.

आता पंप चालू असताना कॉन्ट्रास्ट ०.८३ मिळतो, बंद असताना ०.८५. उरलेलं ट्रॅकर खातो. एकाच ठरावीक वारंवारतेचं कंपन असेल तर काल्मन पद्धतीचा कंट्रोलर त्याचा पुढचा झोका आधीच ओळखतो. चिलीत पारानालच्या चार ८.२ मीटर दुर्बिणींचा प्रकाश जोडणाऱ्या ग्रॅव्हिटी उपकरणाच्या फ्रिंज-ट्रॅकरमध्ये हेच आहे. तिथल्या मोठ्या दुर्बिणींनाही पंप आणि कूलरच्या कंपनांनी वर्षानुवर्षं छळलं, आरशांवर ॲक्सिलरोमीटर लावून ते हलणं मोजावं लागलं आणि डिले लाइनने ते आधीच भरून काढावं लागलं. तरीही माझं मत असं की टाय कापता येत असेल तर कंट्रोलर लिहू नका.

पावसाळ्यात हेच लक्षण वेगळ्या कारणाने दिसतं, म्हणून एवढं जोडते. जुलैत आर्द्रता ८५ टक्के आणि खोली २५ अंशांवर असेल तर दवबिंदू २२ च्या वर असतो. थंड कॅमेऱ्याची काच त्याखाली गेली की धुरकटते. तेव्हा कॉन्ट्रास्टबरोबर पॉवरही पडते आणि एक्स्पोजर कमी करून काही परत येत नाही, हा फरक. काचेपुढे कोरड्या नायट्रोजनची हलकी फुंकर ठेवा आणि सिलिका जेल गुलाबी व्हायची वाट पाहू नका. गणपतीच्या दहा दिवसांत ढोल-ताशाचं काय करायचं हे मला विचारू नका; आम्ही तेव्हा जुना डेटा तपासतो.

दहा सेकंदांची नोंद आता रोज सकाळी आपोआप होते आणि ४८ ते ४९ मधली उंची लॉगबुकात जाते. मामांना सांगून ठेवलंय. पाणी उशिरा आलं की ते पंप लावायच्या आधी फोन करतात, "मॅडम, लावू का?" गेल्या शुक्रवारी म्हटलं, लावा. तेवढ्या वेळात २ मिलिसेकंदांच्या एक्स्पोजरवर पोलरायझेशनची मोजणी उरकून घेतली.